शेंगदाण्याची डॉक्टरीण

मंदाबाई गेल्यावर त्यांच्या लेकीने त्यांचं काचेचं कपाट माझ्याकडे पाठवून दिलं. टेम्पोतून उतरवताना हमालाने आत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "साहेब, एवढं मोठं कपाट, आन् आतमंदी हे काय? शेंगदाना?"

"हो, शेंगदाणाच."

"निरा एकच?"

एकच नव्हता. शेंगदाणे बरेच होते. शिवाय सीताफळाच्या बिया, तुरीचे दाणे, पेनाची टोपणं, खेळण्यातली शिट्टी, झुमक्याचा मणी आणि कुणाचा तरी अर्धा दात. प्रत्येक वस्तू मखमलीच्या तुकड्यावर चिकटवलेली आणि खाली चिठ्ठीवर गावाचं नाव. बाळापूर : सीताफळाची बी. अकोला : शेंगदाणा. पुन्हा अकोला : शेंगदाणा. या सगळ्या वस्तू लहान पोरांच्या श्वासनळीत अडकलेल्या होत्या आणि डॉ. मंदा गावंडे यांनी दुर्बीण घालून त्या बाहेर काढल्या होत्या. आमच्या हिने ते कपाट हॉलमध्ये ठेवायला साफ नकार दिला. "पाहुण्यांना चहा द्यायचा आणि समोर हे?" असं म्हणाली. आता ते माझ्या खोलीत आहे. खालच्या खणात पांढऱ्या प्लास्टिकची, खाली दोन फाटे फुटलेली, करंगळीपेक्षाही बारीक अशी एक नळी आहे आणि तिच्याखाली चिठ्ठी आहे : अमरावती : जोशी.

जोशी म्हणजे मी. मी कुठल्याही पोराच्या नळीत अडकलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

मंदाबाई मूळच्या बाळापूरच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. दवाखाना अमरावतीला, आमच्याच कॉलनीच्या तोंडाशी, आणि आठवड्यातले दोन दिवस अकोल्याला. अंगाने भरभक्कम, केस कापलेले, आणि आवाज असा की दवाखान्यात त्या पेशंटशी काय बोलतात हे पानटपरीवर उभं राहून कळावं. एवढं शिकून, मोठ्या शहरात राहून आल्या, पण बोली तसूभर हलली नाही. पुण्याच्या एका डॉक्टरने त्यांना एकदा परिषदेत म्हणे विचारलं, "तुम्ही रागावला आहात का?" त्यावर या म्हणाल्या, "नाही जी, मी तं लाडानं बोलून राहिली."

पांढऱ्या कोटाच्या उजव्या खिशात भाजलेले शेंगदाणे. सालं डाव्या खिशात. दुसऱ्यांच्या पोरांच्या नळ्यांतून आयुष्यभर शेंगदाणे काढणारी ही बाई स्वतः दिवसभर शेंगदाणे चघळत असे. कुणी टोकलंच तर म्हणत, "माही नळी मोठी झाली हाय. तुमच्या पोट्ट्याची होऊ द्या, मंग त्याले बी देतो." अकोल्यात त्यांना शेंगदाण्याची डॉक्टरीण म्हणूनच ओळखत. पाटीवरचं नाव फक्त औषधांच्या एजंटांना माहीत होतं.

लहान मुलाच्या हातात दाणे दिसले की त्यांचा तोल जायचा. मग तो दवाखाना असो, बसस्टँड असो की कुणाच्या लग्नाचा मांडव. बसच्या रांगेत एका अनोळखी बाईच्या कडेवरच्या पोराच्या मुठीतून फुटाणे काढून घेताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. ती बाई भांडायला उठली. मंदाबाईंनी तिला तिथेच, रांगेत उभं करून श्वासनळीचा सगळा धडा शिकवला आणि काढून घेतलेले फुटाणे बोलता बोलता स्वतः खाऊन टाकले.

संक्रांत आली की त्यांचा पारा चढलेलाच असायचा. कारण बोरन्हाण. पाटावर बसवलेल्या पोराच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे, हरभरे, हलवा यांचा पाऊस पाडायचा आणि बाकीच्या पोरांनी त्यात लोळून वेचून खायचं. "एवढ्या मायेनं लेकरू गुदमरवाचा दुसरा सन नाही बाप्पा," असं त्या म्हणत. आमच्या शेजारच्या कुळकर्णीकाकूंच्या नातवाच्या बोरन्हाणात त्या हळदीकुंकवाला म्हणून गेल्या आणि ऐन वेळी भरलेलं तबक उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. काकू चिडल्या. चिडणारच. वर्षातून एकदाचा सण आणि ही बाई तबक घेऊन पळते.

"मग काय कलिंगडं टाकायची का हो पोरावर?" काकू म्हणाल्या.

"टाका! पोराच्या तोंडात मावत नाही ते काईबी टाका."

काकू त्यांच्याशी पुढचं वर्षभर बोलल्या नाहीत. नातू मात्र त्यांच्याच औषधावर वाढला.

आता नळीकडे वळतो.

तेल्हाऱ्याचं एक कुटुंब अकोल्याच्या दवाखान्यात आलं. गजानन नावाचा कापूस पिकवणारा तरुण, त्याची बायको, त्याची आई आणि कडेवर काही महिन्यांची परी. परी रडली की निळी पडायची. आधी ओठ, मग नखं. कुणी दमा म्हणालं होतं, कुणी न्यूमोनिया. वाफ देऊन देऊन घरचे थकले होते. मंदाबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं आणि त्यांचं चघळणं थांबलं. परीच्या नळीत काहीच अडकलेलं नव्हतं. नळीच लेचीपेची होती. श्वास सोडताना ती एका जागी मिटत होती आणि रडताना तर पूर्णच.

हे घरच्यांना समजावलं तेव्हा मी तिथे नव्हतो, पण मंदाबाईंनी मला ते इतक्या वेळा करून दाखवलं की मी असल्यासारखाच आहे.

"गजाननभाऊ, विहिरीवरच्या मोटारीच्या पानी ओढाच्या बाजूले मऊ पाइप लावला तं काय होते?"

"चपटा होते जी."

"मंग पानी येते?"

"कुठचं येते!"

"बस. पोरीच्या छातीतला पाइप मऊ हाय."

त्या कुटुंबाला निदान मिळायच्या आधीच उपाय सापडला होता. तो असा, की परीला रडूच द्यायचं नाही. त्यासाठी सगळी गल्ली कामाला लागली होती. शेजारच्या देवळातल्या घंटेला फडकं गुंडाळलं होतं, कारण घंटेला ती दचकायची. चुलता बकरीचा आवाज काढायचा. जावळ काढायला आलेल्या न्हाव्याला वेशीवरून परत पाठवलं होतं. आणि तिचं तोंड वाकडं झालं रे झालं की गजानन, असेल तिथे, शर्ट उलटा घालून नाचायचा. का कोण जाणे, पण उलट्या शर्टाला ती हमखास हसायची. हा माणूस बाजारसमितीतही शर्ट उलटा घालून उभा राहिलेला लोकांनी पाहिला आहे, कारण घरून केव्हा व्हिडिओ कॉल येईल याचा नेम नसे.

"हसू नका जोशी," मंदाबाई मला म्हणाल्या होत्या. "त्या नाचन्यावर पोरगी जित्ती हाय."

मी हसत नव्हतो.

मोठ्या शहरात त्यांच्या वर्गातला एक सर्जन होता. परदेशात अशा मुलांच्या श्वासनळीला बाहेरून एक आधार शिवतात, हे दोघांनाही माहीत होतं. आधी मुलाचा स्कॅन काढायचा. मग त्याच्या नळीच्या बरोबर मापाचं, एका बाजूने उघडं असं नळकांडं थ्रीडी यंत्रावर छापायचं. उघडं अशासाठी की मूल वाढेल तसं तेही फाकत जावं. नळी त्याला आतून टाक्यांनी टांगायची. पदार्थ असा की काही वर्षांत तो अंगातच विरघळतो, आणि तोवर नळीला स्वतःचा दम आलेला असतो. एकेका मुलासाठी वेगळं नळकांडं. दुकानात मिळत नाही. सर्जन कचरत होता. नवं काम आहे, परवानग्या लागतील, समितीपुढे जावं लागेल, असं म्हणत होता. मंदाबाईंनी त्याला रोज सकाळी फोन करायला सुरुवात केली. शेवटी तो म्हणाला, "आधी त्या मुलीच्या नळीची हुबेहूब प्रतिकृती माझ्या हातात दे. मग पाहू."

म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ड्रॉइंग शिकवत होतो. आमच्याकडे छपाईचं एक यंत्र होतं, प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर रचणारं. त्यावर आम्ही आजवर गणपती, किल्ल्यांची लॉकेटं आणि प्राचार्यांच्या टेबलावरची नावाची पाटी छापली होती.

"जोशी, तुमच्या मशीनवर गनपती होते, तं नळी कावून नाही होनार?"

मी स्कॅनवरून आकृती तयार केली. फार मन लावून केली. करताना माझ्या लक्षात आलं की चित्रात उजवी बाजू डावीकडे दाखवली आहे. आयुष्यभर मी पोरांना शिकवत आलो की कागदावरचं उजवं ते उजवंच. तंत्रज्ञाची चूक दिसतेय, असं म्हणून मी ती सुधारली. सुधारून छापली आणि दुसऱ्या दिवशी पेढ्यांच्या डबीत कापूस घालून, वर नळी ठेवून मंदाबाईंना घरी चहाला बोलावलं.

त्यांनी नळी उजेडात धरली. फिरवली. मग आमच्या हिला म्हणाल्या, "वहिनी, मोहरी द्या जरा."

हिला वाटलं, दृष्ट काढणार. मोहरी आल्यावर मंदाबाईंनी एक दाणा नळीत सोडला. तो डाव्या फाट्यातून बाहेर पडला. दुसरा सोडला. तोही डाव्यातून. चार-पाच दाणे आमच्या टीपॉयवरून घरंगळत गेले.

"जोशी, मानसाची उजवी नळी सरळ असते, डावी तिरपी. म्हनून शेंगदाना जाते तो उजव्या बाजूले. माह्या कपाटातले निम्म्याच्या वर उजवीकडूनच काढले मी. तुमच्या नळीत मोहरी डावीकडं चालली. हिचं हृदय बी उजवीकडं देलं का तुमी?"

मी खुलासा केला की चित्रात चूक होती, ती मी दुरुस्त केली.

त्या हसायला लागल्या, आणि अशा हसल्या की कुळकर्णीकाकू अबोला विसरून गॅलरीत आल्या. "अवो, पेशंट आपल्या समोर बसलेला असते! त्याचा उजवा हात तुमच्या डावीकडं येते का नाही? डॉक्टर त्याच्या तोंडाकडं पाहून चित्र काढते. तुमी तं त्याले पाठमोरा बसवला!"

मी पुन्हा छापली. ती बरोबर आली. मोहरी उजवीकडून गेली आणि डबी सर्जनकडे रवाना झाली. चुकलेली नळी मंदाबाईंनी मागून घेतली. मला वाटलं, आठवण म्हणून. आठवण म्हणूनच, पण सीताफळाच्या बियांच्या शेजारी.

पुढे परवानग्या आल्या. खरं नळकांडं दुसऱ्याच एका प्रयोगशाळेत, त्या विरघळणाऱ्या पदार्थाचं, छापायचं ठरलं. आता घरच्यांचा होकार हवा होता. त्या दिवशी अकोल्याला मी बरोबर होतो. मंदाबाईंनी मला "प्लास्टिकवाले" म्हणून नेलं होतं.

त्यांनी काही लपवलं नाही. हे नवं आहे, आपल्याकडे फारसं झालेलं नाही, ऑपरेशनमध्ये जीव जाऊ शकतो आणि नाही केलं तर एखाद्या सर्दीतही जाऊ शकतो, हे त्यांनी नेहमीच्याच मोठ्या आवाजात सांगितलं. परीची आई मुलीच्या तळपायावरून हात फिरवत राहिली. प्रश्न सगळे आजीने विचारले.

"मॅडम, हे प्लास्टिक म्हंजे आपल्या बादलीवानी का?"

"नाही आजी. बादली विरघळत नाही, हे विरघळते."

"मंग विरघळलं का पोरगी पुन्यांदा निळी?"

"तोवर तिची नळी घट्ट होते. होते, अशी आशा हाय. लेहून नाही देत मी."

आजी म्हणाली, "तुमची नात असती तं तुमी केलं असतं का?"

मंदाबाईंचा हात खिशात होता. तो तिथेच थांबला. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, पण त्यांचा आवाज खाली आलेला तेव्हाच ऐकला. "भेव लागलं असतं आजी," त्या म्हणाल्या. "लय भेव लागलं असतं. पन केलं असतं."

"मंग करा," आजी म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी मंदाबाई तिकडे सर्जनच्या शेजारी होत्या आणि मी इकडे वर्गात. वर्गात फोन बंद ठेवायचा नियम मीच केलेला, पण त्या दिवशी तो खिशात उघडा होता. वाजला तेव्हा मी फळ्यावर त्रिकोण काढत होतो.

"जोशी! बसली!" कानाचा पडदा फाटला. "कानस बी नाही मारा लागली! टाके घातले आन् नळी उघडली, जशी... अवो जशी नळीच!" त्यांना उपमा सुचली नाही, हेही पहिल्यांदाच. मी पोरांना सुट्टी देऊन टाकली. कारण विचारायला कुणीही थांबलं नाही.

परीला यंत्राशिवाय श्वास घ्यायला काही आठवडे लागले, मध्ये एकदा तापाने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, पण ती घरी आली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तेल्हाऱ्याच्या मंडळींनी ती संपू दिली नाही.

तपासण्या सगळ्या चांगल्या येत होत्या. वर्ष होऊन गेलं. पण घरात कुणाचा धीर होईना. देवळाच्या घंटेचं फडकं तसंच. चुलत्याची बकरी चालूच. परी आता चालायला लागली होती आणि तिला एक गोष्ट पक्की कळली होती. तोंड जरा वाकडं केलं की जगातली कुठलीही वस्तू हातात येते. तिने आजीचा चष्मा मागितला, मिळाला. शेजाऱ्यांची कोंबडी मागितली, तीही मिळाली. अकोल्याला तपासायला आली तेव्हा तिने मंदाबाईंचा स्टेथोस्कोप ओढला. मंदाबाई म्हणाल्या, "नाही मिळत." परीने ओठ काढला, आणि त्याच क्षणी मागे गजानन शर्ट उलटा करून नाचायला लागला.

"आता कावून नाचून राहिले?" मंदाबाई ओरडल्या.

"सवय लागली मॅडम," गजानन खाली पाहत म्हणाला. "हिनं तोंड उघडलं का मले ते निळे ओठच दिसते. तुमी म्हन्ता चांगली हाय. पन रडून तं आमी कोनीच नाही पाह्यली."

मंदाबाई मला नंतर म्हणाल्या, "पोरीची नळी बसवली जोशी, पन बापाचा श्वास अजून अडकेल हाय."

संक्रांतीनंतर तेल्हाऱ्याहून बोलावणं आलं. परीचं पहिलं बोरन्हाण. आधीच्या संक्रांतीला ती दवाखान्यात होती. गजाननने फोनवर आधीच शपथ घेतली : "मॅडम, एक दाना नाही." मंदाबाई मला म्हणाल्या, "चला, तुमच्या नळीची मालकीन पाहून येऊ." गाडी माझी, शेंगदाणे त्यांचे.

अंगणात पाट मांडला होता. परी काळ्या झबल्यात, हलव्याचे दागिने नाहीत, त्यांच्या जागी लोकरीचे. आणि तबकात चिंध्यांचे चेंडू. आजीने घरच्या कापसाने भरून शिवलेले, लाल, पिवळे, लिंबाएवढे नव्हे तर चांगले मोसंबीएवढे. मंदाबाईंनी एक उचलला, दाबून पाहिला, शिवण ओढून पाहिली, स्वतःच्या तोंडात मावतो का तेही पाहिलं. मावला नाही. त्यांनी आजीच्या पायाला हात लावला. आजी ओशाळून मागे सरकली.

चेंडूंचा पाऊस पडला. गल्लीतली पोरं लोळली. परी खदखदून हसली आणि एक लाल चेंडू तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला. बायका गाणं म्हणत होत्या. सगळं छान चाललं होतं, आणि मंदाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी तो लाल चेंडू परीच्या हातातून काढून घेतला.

परीने आधी विश्वासच ठेवला नाही. मग तिने ओठ काढला. गजाननचा हात शर्टाच्या बटणांकडे गेला, चुलत्याने बकरीसाठी तोंड उघडलं, आई धावली. मंदाबाई पाटाच्या पुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"कोनी हात लावाचा नाही! रडू द्या तिले!"

आणि परी रडली. काय रडली! डोळे मिटून, मुठी आवळून, पाय आपटून, श्वास संपेपर्यंत, मग नवा घेऊन पुन्हा. देवळापर्यंत आवाज गेला असेल. अंगणातलं गाणं थांबलं होतं. सगळे तिच्या ओठांकडे पाहत होते. मीही. ओठ लाल होते. रडून रडून अजून लाल होत चालले होते. गजानन खाली बसला, त्याने तोंडावर उपरणं धरलं आणि त्याच्या खांद्यांवरून कळत होतं की आता बापही रडतो आहे. त्याला कुणी अडवलं नाही.

"मायबाई," आजी म्हणाली, "आवाज तं माह्यावर गेला."

मंदाबाईंनी चेंडू परत केला. परीने तो घेतला आणि नेम धरून त्यांच्याच पोटावर मारला.

जेवण करून आम्ही निघालो. गाडीत बसलो तेव्हा आत पुन्हा रडणं सुरू झालं होतं. तिला कुणीतरी दुसरं काहीतरी नाकारलं असावं. त्या घरात नकाराला नुकतीच सुरुवात झाली होती. मी किल्ली फिरवणार, इतक्यात मंदाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या, हृदयाने, झोपेत. त्या दिवसानंतर आमची निवांत भेट झाली नाही. म्हणून मला त्या दिसतात त्या अशाच, काच खाली केलेली, मुठीत दाणे तसेच, कान त्या घराकडे लावलेला.

"थांबा जोशी," त्या म्हणाल्या. "गाडी नका सुरू करू. आयकू द्या जरा."